पद्मिनीचा चोक: साताऱ्यातल्या कामाच्या नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८७ चं मॉडेल, १०८९ सीसी. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर सोलेक्स, मूळचाच.

तक्रारी दोन, आणि त्या एकमेकींच्या उलट. सकाळी गार इंजिन धरत नाही. चोक (गार इंजिनाला पेट्रोल जास्त देणारी सोय) पूर्ण ओढून सेल्फ मारत राहिलं की एखादं सिलिंडर बोलतं आणि पुन्हा गप्प होतं. एकदा गरम झाली की सायलेन्सरमधून काळा धूर, केबिनमध्ये पेट्रोलचा वास, स्लोवर, म्हणजे पाय उचलून इंजिन नुसतं चालू ठेवलं की, गचके. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून वर येऊन पाय उचलला की बंदच पडते. सकाळी वाटतं पेट्रोल कमी पडतंय, दुपारी वाटतं जास्त होतंय.

गाडी आबा चालवतात, कोरेगावच्या शेतावर जायला. त्यामुळे हे काम हौसेपुरतं नाही, रब्बी चालू आहे.

जो तो सांगतो, कार्बोरेटर बदलून टाका, डुप्लिकेट मिळतो. मला हे अजिबात पटत नाही. मूळ सोलेक्सच्या अंगात झिजणारे भाग मोजके असतात. बाकी सगळं साफ करून, घासून पुन्हा उभं राहतं. बाजारातल्या डुप्लिकेटच्या आतलं माप कुणी तपासलेलं असतं? आधी कारण शोधायचं, मग पाना उचलायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती इथे लिहायची.

१३ डिसेंबर, शनिवार

कार्बोरेटरला हात लावण्याआधी करंटची, म्हणजे ठिणगी पाडणारी बाजू बघितली. निम्म्या वेळा लोक ज्याला कार्बोरेटरचा दोष म्हणतात तो पॉइंटचा किंवा कंडेन्सरचा निघतो.

चारही प्लग काढून ओळीने मांडले. चारींवर सारखीच काजळी: काळी, कोरडी, बोटाला मखमलीसारखी लागणारी. तेलकट नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल चढत नाही. आणि एकाच प्लगवर नाही, चारींवर आहे, म्हणजे दोष एका सिलिंडरचा नाही, चौघांना मिळून जे मिश्रण येतं त्याचा आहे. एवढं कळायला प्लगचा पाना आणि उजेड पुरतो.

पॉइंट घासून गॅप फीलर गेजने ०.४५ मिमीला आणली. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपला तडा नाही, ठिणगी निळी पडते. कॉम्प्रेशन चारींचं जवळजवळ सारखं. एअर फिल्टर झटकला. ही बाजू संपली.

१४ डिसेंबर, रविवार

आज एअर फिल्टरचं भांडं काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारली. शेजारचे काका पाहायला आले होते. ते म्हणाले, "चोकचं पान अडकलं असंल बघ, तेल सोड जरा." पण वरच्या तोंडात पान नाहीच. मारुती ८०० च्या कार्बोरेटरमध्ये किंवा बऱ्याच जुन्या गाड्यांत तोंडावर एक पान असतं, चोक ओढला की ते हवेची वाट बंद करतं. या सोलेक्समध्ये तसं काही नाही. पान शोधणारा माणूस इथे तासभर हरवतो आणि शेवटी जेट (पेट्रोल किंवा हवा मोजून सोडणारं बारीक भोक) बदलायला लागतो.

करंजे भागातल्या मेस्त्रींना फोन केला. त्यांनी एका वाक्यात सांगितलं: "ताई, त्यात पान न्हाई. थोरल्याच्या पोटात धाकला कार्बोरेटर हाय, चोक ओढला की धाकला कामाला लागतोय."

अगदी तसंच आहे. अंगाच्या बाजूला एक छोटी पेटी आहे. तिला स्वतःचा पेट्रोलचा जेट, स्वतःचा हवेचा जेट, आणि दोन्हींतून होणारं दाट मिश्रण सोडायला एक सपाट गोल चकती. चकतीला लहानमोठी भोकं आहेत. चोकची तार ओढली की बाहेरची दांडी फिरते, दांडीबरोबर चकती फिरते. पूर्ण ओढल्यावर मोठं भोक वाटेसमोर येतं, अर्धं आत केल्यावर लहान भोक येतं, आणि नॉब पूर्ण आत गेला की चकतीचा कोरा भाग वाटेवर बसून ती बंद होते. ही वाट थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या, पानाच्या खाली उघडते.

या शेवटच्या गोष्टीवरून एक फार कामाचा नियम निघतो, आणि तो साताऱ्यात फिएट, म्हणजे पद्मिनीच, चालवणाऱ्यांतही फार थोडे पाळतात. गार गाडी चालू करताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा नाही. थ्रॉटल बंद असेल तर इंजिनाची सगळी ओढ त्या धाकट्या वाटेवर लागते आणि दाट मिश्रण वर येतं. पाय दाबला की थ्रॉटल उघडतं, ओढ मोठ्या वाटेला जाते, आणि चोक ओढलेला असून नसल्यासारखा होतो. आबांना ही सवय पूर्वीपासून आहे. माझा भाचा मात्र सेल्फ मारताना पॅडल पंपासारखं दाबत बसतो. त्याला आज बाजूला बसवून दाखवलं.

तेव्हा पुढचा प्रश्न सरळ आहे. नॉब पूर्ण बाहेर असताना चकती पूर्ण उघडते का? नॉब पूर्ण आत असताना ती पूर्ण मिटते का?

२० डिसेंबर, शनिवार

उत्तर दोन्हींना नाही.

भाच्याला आत बसवलं आणि मी बॉनेटखाली. "ओढ." दांडी हलली, पण अर्ध्यावर थांबली. "आत ढकल." दांडी परत फिरली, पण खुंटीला टेकली नाही, बोटभर अलीकडे राहिली. हाताने पुढे ढकलली तर सहज गेली, म्हणजे चकती जाम नाही. गाडी गरम करून नॉब आत असताना तीच दांडी बोटाने खुंटीपर्यंत नेली, तर धूर लगेच कमी झाला. याच्याइतकी स्वस्त आणि पक्की परीक्षा दुसरी नाही. चोकची शंका आली की आधी ही करावी.

दोष केबलचा. कधीतरी कुणीतरी मूळ केबल काढून दुचाकीच्या क्लचची वायर घातली आहे. क्लचची वायर पिळाची असते. ती ओढायला उत्तम, पण तिला ढकलता येत नाही. दुचाकीवर क्लचला परत आणायला स्प्रिंग असते, इथे तशी स्प्रिंग नाही. चोकच्या दांडीला जाताना आणि येताना दोन्ही वेळा तारच लागते. म्हणून चोकच्या केबलमध्ये एकच सलग, कडक तार असते. पिळाची वायर ढकलली की ती आवरणात वाकून गोळा होते आणि दांडी पूर्ण परत जात नाही. त्यात भर म्हणून आवरणाला धरणारा क्लॅम्प सैल. ओढताना आवरणच पुढे सरकतं, म्हणून दांडी पूर्ण उघडतही नाही.

म्हणजे चोक कधीच पूर्ण उघडला नव्हता आणि कधीच पूर्ण मिटला नव्हता. सकाळची आणि दुपारची तक्रार एकाच वायरची.

मूळ केबल साताऱ्यात नाही. मुंबईच्या ओळखीच्या दुकानात विचारलं, तिथेही माल संपत आलाय. शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून सुट्या भागांची मागणीच आटली. पण ट्रॅक्टरचं इंजिन बंद करायची केबल असते ना, नॉब ओढून डिझेल तोडायची, ती सलग तारेची असते, आणि ट्रॅक्टरचे पार्ट आपल्याकडे गल्लोगल्ली. ती आणली. लांबी मापून आवरण कापलं, कापलेलं टोक कानशीने साफ केलं, तार टोकाला थोडी काटकोनात वळवून दांडीच्या स्क्रूत धरली. बसवताना नॉब आधी पूर्ण आत न ढकलता केसभर बाहेर ठेवला, दांडी खुंटीला टेकवली आणि मग स्क्रू आवळला. म्हणजे आत ढकलताना शेवटचा जोर दांडीवर येतो, डॅशबोर्डवर नाही.

आता दांडी खुंटीपासून खुंटीपर्यंत फिरते.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी ओट्यावरच्या थर्मामीटरमध्ये १२ अंश. चोक पूर्ण, पाय वर, सेल्फ. धरली. आवाज स्थिर झाल्यावर नॉब अर्धा आत, गोडोलीपर्यंत गेल्यावर पूर्ण आत. आबा काही बोलले नाहीत, पण गाडीतून उतरून बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

दुपारची तक्रार पूर्ण गेलेली नाही. काळा धूर दिसत नाही, पण स्लोवर अजून लंगडते आणि पेट्रोलचा वास येतो. दांडी खुंटीला टेकलेली आहे, तरी मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन शक्यता: एकतर भांड्यात पेट्रोल सोडणारी आणि थांबवणारी फ्लोटची सुई गळते आणि पेट्रोलची पातळी वर चढते, नाहीतर चकती मिटलेली असूनही तिच्या खालून मिश्रण झिरपतं.

सुईची परीक्षा सोपी. गरम इंजिन बंद करून तोंडात टॉर्च मारून बघत राहिले. नोझलमधून एकही थेंब नाही. पातळी ठीक.

चकतीसाठी वेगळी युक्ती लागते. डब्यात पडलेला एक निकामी जेट होता, त्याचं भोक सोल्डरने बुजवलं आणि धाकट्या कार्बोरेटरच्या पेट्रोल जेटच्या जागी बसवला. आता तिथून पेट्रोल येणारच नाही. चकती गळत असेल तर तिच्यातून नुसती हवा जाईल आणि वास थांबायला हवा. इंजिन गरम असतानाच चालू केलं. पहिले काही क्षण तसंच लंगडली, कारण जेटच्या पुढे छोट्या विहिरीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. ते संपलं आणि आवाज बदलला. वास गेला, स्लो थोडा चढला, किंचित लीन, म्हणजे पेट्रोल कमी, वाटावा असा.

चकती गळते आहे. बाकी काही उघडायच्या आधीच कळलं.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळची सुट्टी. कार्बोरेटर उतरवून मेस्त्रींकडे नेला. त्यांच्याकडे जाड काच आहे आणि त्यांचा हात आहे.

चकतीच्या पेटीचं झाकण उघडलं. चकतीच्या तोंडावर एक ओरखडा, मध्यापासून कडेपर्यंत, नखाला लागणारा. ज्या तोंडावर ती बसते तिथे पांढरी भुकटी जमलेली. जस्ताच्या मिश्रधातूचं अंग ओल लागून असं फुलतं. ही भुकटीच चकतीखाली कधीतरी अडकली आणि फिरताना ओरखडा पडला, असं मेस्त्रींचं मत. मलाही तेच वाटतं.

"नवी टाकायची का, काका?"

"नवी कुठनं आणताय? आन आणली तरी ह्या तोंडावर बसंल का? हिलाच घासू."

काच पुसून तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, वर रॉकेल. चकती दोन बोटांनी हलकी धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची, म्हणजे एकाच बाजूला घासली जात नाही. मधूनमधून थांबून चकतीच्या तोंडावर मार्करची शाई लावायची आणि पुन्हा फिरवायची. जिथे शाई राहते तिथे खळगा. आधी ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना निळे पट्टे राहत होते, मग एक बारीक रेघ, मग काहीच नाही. त्यानंतर अंगाच्या तोंडावर थोडं मेटल पॉलिश घेऊन चकती तिथेच फिरवली, म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांना बसली. सगळं पेट्रोलने धुऊन हवा मारली. घासायचा कण आत राहिला तर सगळं पाण्यात जातं. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. एकाच बाजूने करकचून आवळलं की झाकण वाकतं आणि मेहनत वाया.

आता जे मिळालं त्याची अपेक्षा नव्हती. साफ करायचं म्हणून मेन जेट काढला आणि उजेडाकडे धरला, तर भोक गोल दिसेना. आत तांब्याच्या वायरचा एक केस घातलेला, दोन्ही टोकं वळवून. मायलेज वाढावं म्हणून ही क्लृप्ती पूर्वी बऱ्याच ठिकाणी करत. इथली गोष्ट मला अशी दिसते: चोक नीट मिटत नव्हता, गाडी पेट्रोल खात होती, धूर काढत होती. कुणी चोककडे न बघता मेन जेट अरुंद केला. स्लोवरचा धूर त्याने गेला नाही, कारण ते पेट्रोल मेन जेटमधून येतच नव्हतं. आणि चढावर, जिथे मेन जेटच कामाला असतो, तिथे गाडी उपाशी राहायला लागली. चढावरचे गचके आबा वर्षानुवर्षं वयाच्या नावावर खपवत होते, गाडीच्या वयाच्या.

केस काढला. सोलेक्सच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिमी. त्यामुळे ड्रिलच्या बिटाची गुळगुळीत दांडी घालून माप पडताळता येतं. घालून बघायची फक्त, फिरवायची नाही. आकडा आणि भोक जुळलं, म्हणजे कुणी ड्रिल मारलेलं नाही. जेट तारेने खरवडायचे नाहीत, हवेने आणि पेट्रोलनेच साफ करायचे. पितळ मऊ असतं.

२८ डिसेंबर, रविवार

जोडलं. फ्लँजखाली नवं पॅकिंग, जुनं एका कोपऱ्यात जळालेलं होतं. नट दोन्हीकडून सारखे आवळले.

स्लो बसवताना घाई करायची नाही. मिक्स्चर स्क्रू बोटाच्या जोराने हलका टेकवून दीड फेरा मागे घेतला. गाडी गोडोलीच्या तळ्यापर्यंत फिरवून आणली, म्हणजे खरी गरम झाली. मग थ्रॉटलचा स्क्रू थोडा वर, मिक्स्चर स्क्रू हळूहळू आत, आवाज अडखळायला लागला की किंचित मागे, पुन्हा थ्रॉटल खाली. हे क्रमाने करत गेलं की एक जागा अशी येते जिथे इंजिन आपसूक शांत होतं. ती जागा कानाने सापडते.

गार इंजिनावर ही सेटिंग कधीही करू नये, आणि चोकची दांडी खुंटीला टेकली आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तर मुळीच नाही. गळक्या चोकवर बसवलेला स्लो म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक मापून बसवणं.

३ जानेवारी २०२६, शनिवार

चोकशी थेट संबंध नाही असं वाटेल, पण आहे. पांढरी भुकटी आली कुठून?

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर आलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की फ्लोटच्या भांड्यात तेच साठून राहतं, आणि जस्ताच्या अंगाला, जुन्या रबराला ते मानवत नाही. दुसरं, इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून गार सकाळी ते लवकर पेट घेत नाही. तिसरं, जळायला त्याला हवा कमी लागते. पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट, इथेनॉलला ९ पट. म्हणजे त्याच जेटमधून गेलेलं नवं मिश्रण जुन्याच्या मानाने थोडं लीन पडतं.

सातारा–सांगली पट्ट्यात राहून इथेनॉलवर राग धरता येत नाही, ते आपल्याच उसाचं आहे आणि त्यावर घरं चालतात. पण १९८७ च्या गाडीला त्याची सोय करून द्यावी लागते. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप बदलून इथेनॉल सोसणारे घातले. जुना पाइप दोन बोटांत दाबला तर आतून काळं पीठ निघालं. हेच पीठ उद्या सुईखाली गेलं असतं. आणि गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर आबांना सांगितलंय, मधे एकदा कोरेगाव नाही तर निदान वाढे फाट्यापर्यंत चक्कर मारून यायची.

या पेट्रोलमुळे गार सकाळी पूर्ण चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. हा दोष नाही, याला घाबरून मिक्स्चर स्क्रूला हात लावायचा नाही.

११ जानेवारी, रविवार

यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत. मुद्दाम हीच वाट. सातारा साधारण ७०० मीटरवर, कास १२०० च्या आसपास. वर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे मिश्रण आपोआप रिच होत जातं. चोक गळत असता तर तो वर गेल्यावर लपून राहिला नसता.

घाटात दुसऱ्या गिअरवर पाय दाबून ठेवला. आधी जिथे ती धापा टाकायची त्या वळणावर सलग ओढत गेली. तांब्याच्या केसाची भरपाई झाली. वर गाडी थांबवून स्लोवर ठेवली, सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा रुमाल धरला. किंचित राखाडी, काळा नाही. उतरताना पाय उचललेला, तळाशी आल्यावर बंद पडली नाही.

आबा म्हणाले, "नवी घेतली तेव्हा अशीच चढायची." त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

१८ जानेवारी, रविवार

प्लग पुन्हा काढले. पांढऱ्या भागावर फिकट विटकरी रंग, चारींवर सारखा. टाकी काठोकाठ भरून मोजलेलं ॲव्हरेज, आधी लिटरला दहाच्या आतबाहेर होतं, आता साडेतेरा.

बाकी राहिलेलं काम: थ्रॉटलच्या दांडीला अंगात खेळ आहे. हलवली की टकटकते, तिथून थोडी हवा शिरते आणि स्लो पूर्ण एकसारखा राहत नाही. बुश (दांडीभोवतीची बाही) घालून घ्यावं लागेल, लेथवर. मेस्त्रींनी पुढच्या महिन्यात एमआयडीसीतल्या टर्नरकडे नेऊ म्हटलंय. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदाही त्याच वेळी बदलायचा, तो जुन्या रबराचा आहे आणि फार दिवस टिकणार नाही. ट्रॅक्टरच्या केबलला आत ग्रीस लावून ठेवली, आणि नॉबखाली आबांसाठी रंगाने तीन खुणा केल्या: पूर्ण, अर्धा, बंद.